सुराबायाच्या धक्क्यावरची हाक

देवाला मी रोज हात जोडते, पण भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता. चाळीत कुणाच्या अंगात आलं की मी आधी तिला तांब्याभर पाणी पाजायची – उपाशी असते बिचारी, दुसरं काय! म्हणून हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण डोळ्यांनी बघितलेलं कुठं टाकू?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आम्ही मिलच्या चाळीत राहायचो. आमचे मालक मागांवर जॉबर, म्हणजे माग जोडणारे, दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात त्यांचे कान पार गेलेले. तोंडासमोर बोललं की ओठांवरून सगळं कळायचं, पाठ फिरली की संपलं. सासूबाई म्हणायच्या, "शांते, नवऱ्याला शिव्या द्यायच्या तर पाठीमागं हुबं ऱ्हाऊन दे. मन बी हलकं हुतंय आन् भांडण बी न्हाय!"

इंडोनेशियात सुराबाया म्हणून जुनं बंदराचं गाव आहे. तिथं आपल्याकडच्या एका शेठनी कापडाची मिल काढली आणि माग बसवायला यांना नेलं. शेवटी शेवटी मलाही बोलावलं. मी कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणी घेऊन निघाले. मोहोळच्या पुढं कधी गेले नव्हते, एकदम समुद्रापार!

एका रविवारी गाव बघायला निघालो. लाल पूल बघितला. चिनी देवळात उदबत्तीचा एवढा धूर, की डोळ्यांतून पाणी. अम्पेलच्या मशिदीजवळच्या गल्लीत खजूर, अत्तरं, टोप्या... मी म्हटलं, "अहो, ही तर आपली सोलापूरची विजापूर वेसच की!" हे हसले. मग नदीकाठच्या जुन्या धक्क्यावर आलो. लाकडी गलबतं ओळीनं, नाकं वर करून उभी. हमाल फळीवरून पोती वाहत होते.

यांचं लक्ष गलबतांवरच्या दोर-कप्प्यांकडे. यंत्र दिसलं की माणूस बायको विसरायचा. भराभरा पुढं गेले. माझ्या चपलेत खडा गेला म्हणून मी मागं थांबले... आणि वर बघितलं.

गलबताच्या डोलकाठीला ओंडक्यांची मोळी टांगलेली होती. खाली उतरवत होते. दोराचे पीळ एकेक सुटत होते – गरगर, गरगर. हमाल हातातलं टाकून ओरडायला लागले. बाकी सगळे बाजूला पळाले. हे मात्र वर मान करून पलीकडच्या गलबताकडे बघत... सरळ त्या मोळीखाली निघालेले.

"अहो! अहो, थांबा!" मी ओरडले. मध्ये हातगाडी आडवी. मला पुढं जाता येईना. सगळा धक्का ओरडतोय आणि ज्याच्यासाठी ओरडतोय त्यालाच ऐकू येत नाही. काय वाटलं असेल मला, विचार करा.

आणि हे थांबले.

घाईत निघालेल्या माणसाला कुणी मागून हाक मारली की तो जरा वैतागून वळतो ना... तसेच वळले. आणि माझ्याकडे माघारी चालत आले. दोन-चार पावलं आले असतील, मागं मोळी कोसळली. जमीन हादरली तेव्हा कुठं त्यांनी वळून बघितलं.

हे म्हणाले, "हाक कुणी मारली गं?"

"मीच की! घसा फुटला माझा!"

"तू न्हवं. आई. 'बारक्या, माघारी फीर' म्हनली. लख्ख कानात."

असं म्हणून एका पोत्यावर बसले आणि पाणी मागितलं. मागून हाक आली की घोटभर पाणी पिऊन मगच निघायचं, ही आमच्या घरची रीत.

माझ्या तोंडून 'अहो, थांबा'शिवाय काही निघालं नव्हतं. आणि बारक्या कोण? यांचं नाव दत्तू. घरात एकुलते एक. बारक्या म्हणायला थोरला तरी हवा की!

सोलापूरला परत आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. यांनी त्यांच्या समोर बसून सगळं सांगितलं. त्या हसल्या. "खुळा का काय! समुद्रापल्याड माजी हाक जाती व्हय? आन् मी कुणाला मागनं हाक मारती का कदी?" मग सहज म्हणाल्या, "काय म्हनून हाक मारली?"

"बारक्या."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आवाज माजाच हुता?"

"तुजाच की. पन... तरणीताठी असतानाचा."

सासूबाई मान खाली घालून बोलायला लागल्या. यांना ओठ दिसेनात. "काय म्हनती गं?" मला विचारलं. मला सांगवेना. शेवटी त्यांनीच मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं –

"दत्तू, मी तुज्या आईची धाकटी बहीन. तू रांगत हुतास तवा ती गेली. जल्मला तवा तू मुठीएवढा, म्हनून ती बारक्या म्हनायची. मग तुज्या बापासंगं लगीन हून मी आले आन् समद्यास्नी शपत घातली... ते नाव घ्याचं न्हाय. पोरगं माजं हाय."

सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या – आता आपलं काय होणार म्हणून बघावं, तशा. मग हे उठले. "आई, भाकरी वाढ. भूक लागलीया." आणि मोरीवर हात धुवायला गेले.

सासूबाई हळूच त्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. हात लागेल एवढ्या जवळ. "बारक्या," म्हणाल्या.

हे हात धूत राहिले.

"बारक्या! माघारी फीर की रं!" चाळीतली माणसं दारात आली, एवढा मोठा आवाज.

यांनी शांतपणे चूळ भरली, पंच्याला हात पुसले, वळले आणि दचकले. "का गं? दोगी का रडताय?"

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तान्हेपणी कानावर पडलेलं डोक्यात कुठंतरी राहतं. राहत असेल. पण नेमकं तेव्हाच, त्या मोळीखालीच आठवावं? आता हे नाहीत, सासूबाईही नाहीत. मला अजून कळलेलं नाही. मोरीवर हातभर अंतरावरची हाक ज्यांच्यापर्यंत पोचली नाही, त्यांना ती धक्क्यावरची कुठल्या कानानं ऐकू आली?