शंभर डोळ्यांचा राखणदार

चित्रांच्या गॅलरीत कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला तुम्ही शेवटचं काय विचारलंत? टॉयलेट कुठंय, हे सोडून?

देवयानी ब्रिस्बेनच्या एका छोट्या गॅलरीत राखणदार होती. कॅज्युअल, म्हणजे शिफ्ट मिळणं क्युरेटर हेलनच्या मर्जीवर. एप्रिल २०२०. कोविडमुळे गॅलरीला कुलूप, नवऱ्याचं, यतिनचं, आयटीचं काँट्रॅक्ट गेलेलं, घर हिच्या शिफ्टवर. हेलन घरून ऑनलाइन प्रेक्षकांशी चित्रांबद्दल लाइव्ह बोलायची. रिकाम्या दालनात फोन धरून चित्रं दाखवायची देवयानीने.

त्यात एक डच छापचित्र होतं, तळहाताएवढं. सगळं झाड आणि नदी. कोपऱ्यात दोन माणसं, एकाच्या हातात पावा, शेजारी एक गाय. खाली पाटी : ‘गुराख्यांची विश्रांती’. पावा, गाय, झाड बघून देवयानीने पहिल्या दिवशी कृष्ण समजून हात जोडले होते. मग पावावाल्याच्या टोपीला पंख दिसले. गवताच्या रेघांत तलवार दिसली. लायब्ररीच्या ई-पुस्तकांत तीन आठवडे डोकं घालून तिने शोधलं : पावावाला म्हणजे ग्रीकांचा एक देव. समोरचा, त्या गाईवर पहारा देणारा, शंभर डोळ्यांचा राखणदार. देव त्याला पावा वाजवून, गोष्टी सांगून झोपवतो आणि मान उडवतो. हेलनला हे कळवायला दोन ईमेल केले. उत्तर नाही.

“आज गप्प बस हं,” सकाळी यतिन म्हणाला. “शिफ्ट गेली तर खायचं काय, पंख?”

लाइव्हला चारशे लोक होते. हेलन सांगत होती, “दोन साधे गुराखी. किती शांत दुपार.”

देवयानी मध्येच बोलली. “ते गुराखी नाहीत, हेलन. इथे खून होणार आहे.”

हेलनचा मधाळ आवाज आला, “देवयानी, यू आर अ लेजंड. आता फक्त कॅमेरा धर, ओके?”

पावा असाच वाजत असणार. देवयानीने फोन चित्राच्या कोपऱ्याशी नेला, टोपीवर थांबवला आणि हलवला नाही. कुणीतरी कॉमेंट टाकली : पंख आहेत की. मग दुसऱ्याने : आणि तलवार. हेलनने कार्यक्रम तिथेच गुंडाळला.

सोमवारी पाटी बदलली. शिफ्टच्या नव्या रोस्टरवर देवयानीचं नाव नव्हतं. यतिन चिडला नाही. त्याने लाइव्हचं रेकॉर्डिंग लावलं, टोपीपाशी थांबवलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

तेव्हा आता गॅलरीत जाल, तर पाटी नंतर वाचा. आधी त्या खुर्चीपाशी जा, नाव विचारा, या चित्रात तुम्हाला काय दिसतं ते विचारा. आणि उत्तर संपेपर्यंत तिथून हलू नका.