छेरिंग उस्तादांची शेवटची उडी

सैन्यातून रिटायर झालो आणि माझं पोस्टिंग पुन्हा बर्फावरच झालं, तेही दुबईत.

मी सुभेदार इक्बाल, सिग्नलचा माणूस. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठावर. शारजात रोल्ला भागात माझ्या मोठ्या भावाचं कापडाचं दुकान आहे. त्यांनीच मला इथे बोलावलं. दुबईतल्या एका मॉलमध्ये छताखाली खरा बर्फ पाडून स्कीइंगसाठी उतार केलेला आहे. तिथे सेफ्टी सुपरवायझर पाहिजे होता. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने विचारलं, "स्नो एक्स्पीरियन्स?" मी म्हणालो, "येस सर. आर्मी." त्याने फाइल मिटली.

बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही इतकं ऊन, आणि मी आत जाडजूड जॅकेट घालून उभा. शारजाहून निघायचं तर पहाटेची फजरची नमाज झाली की लगेच निघावं लागतं, नाहीतर पुढे रस्ता तुंबतो. ड्यूटी साधी आहे. कोणी पडलं की चेअरलिफ्ट थांबवायची, मोकळं झालं की वॉकी-टॉकीवर सांगायचं, "क्लिअर. यल्ला," म्हणजे चला. सैन्यातल्या सेटवर जे बोलायचो त्याचंच हे पोरकट रूप.

लोकांना वाटतं, मला त्या थंडीचा कंटाळा येत असेल. मला ती आवडते. मी जिवंत आहे हे मला तिथे जास्त कळतं. आणि जिवंत का आहे ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी आमच्या पलटणीबरोबर मी उत्तरेच्या सीमेवर होतो. हिवाळ्यात आमच्या चौकीचा खालच्या जगाशी संबंध दोनच गोष्टींनी राहायचा, हेलिकॉप्टर आणि माझा रेडिओ सेट. सकाळ-संध्याकाळ कॉल, बॅटऱ्या ऊबेत ठेवणं, अँटेनावरचा बर्फ झाडणं. रॉकेलच्या शेगडीचा धूर इतका की थुंकी काळी यायची. मधल्या वेळात पत्ते आणि गप्पा.

चौकीवर हवालदार छेरिंग होते. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. त्यांनी आम्हा सगळ्यांना स्की शिकवली होती, म्हणून ते छेरिंग उस्ताद. माणूस हिमाचलमधल्या लाहौलचा. अंगाने बारीक, बोलायला कमी. चॅम्पियन होते हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मेडल्स ते लोकरीच्या मोज्यात कोंबून किटबॅगच्या तळाशी ठेवायचे.

त्यांचा खेळ नॉर्डिक कंबाइंड. हे नाव मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. त्यांनी मला ते बटाटे सोलता सोलता समजावलं होतं. आधी स्कीवरून उंच उतारावरून सुटून हवेत लांब उडी घ्यायची. मग त्याच दिवशी स्कीवरूनच लांब पल्ल्याची शर्यत. ज्याची उडी चांगली तो शर्यतीत आधी सुटतो, बाकीचे त्याच्या मागून. म्हणजे उडायला पक्ष्यासारखं हलकं असावं लागतं आणि धावायला खेचरासारखं दमदार.

"दोनों एक आदमी में कैसे होगा, उस्ताद?" मी विचारलं.

"नहीं होता," ते म्हणाले. "इसलिए मज़ा है."

लहानपणी वडिलांनी विलोच्या लाकडाच्या फळ्या तासून त्यांना स्की करून दिल्या होत्या. हिवाळ्यात शाळेत त्याच घालून जायचे. भरती झाल्यावर कोणीतरी त्यांचा दम पाहिला आणि धावण्याच्या टीममध्ये घातलं. मग सैन्याने एका कोर्सला युरोपात पाठवलं. तिथे त्यांनी उडीचा मनोरा पहिल्यांदा पाहिला. पहिल्या दिवशी वर चढले आणि जिना उतरून परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कोच म्हणाला, आता नाही तर घरी जा. ते सुटले. पडले, नाक फुटलं, आणि लगेच पुन्हा वर चढले.

परत आले तेव्हा आपल्याकडे तसा उतार नव्हता. त्यांनी जवानांना फावडी दिली आणि डोंगरावर बर्फाचाच बांधला. रात्री त्यावर पाणी मारायचं, सकाळी तो काचेसारखा कडक व्हायचा. सुरुवातीला उडीत मागे पडायचे, सगळ्यांच्या शेवटी सुटायचे, आणि एकेकाला गाठत पहिले यायचे. पुढे उडीही जमली. मग काही हिवाळे त्यांना देशात कोणी हरवलं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांना परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी निवडल्याचा संदेश आला. तो माझ्याच सेटवर आला होता. मी धावत जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा मग खाली ठेवला आणि म्हणाले, "एक बार फिर बोल." मी पुन्हा सांगितलं. त्यांचं वय बघता ही पहिली आणि शेवटची संधी होती. बर्फ थांबला की येणाऱ्या हेलिकॉप्टरने ते कॅम्पला जाणार होते.

हेलिकॉप्टर येण्याआधी मी आजारी पडलो.

सुरुवातीला साधा खोकला होता. मग झोपलं की छातीत गुडगुड. सकाळी थुंकीत गुलाबी फेस दिसला. आमचा नर्सिंग असिस्टंट छातीला कान लावून उठला आणि कॅप्टन साहेबांना बाजूला घेऊन गेला. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्यावर एकच खरा इलाज, माणसाला खाली नेणं. ऑक्सिजन संपत आला होता. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता.

कॅप्टन साहेब सेटवर बोलले. मी पडल्या पडल्या ऐकत होतो.

"वन पेशंट. सिरियस. बाय स्लेज नीचे ला रहे हैं. ओव्हर."

"रॉजर. नीचे से पार्टी आ रही है. शाम तक पहुँचेगी. ओव्हर."

त्यांनी मला झोपण्याच्या पिशवीत घालून स्लेजला बांधलं. छेरिंग उस्ताद पुढे, दोरी धरून. आकाश आणि त्यांची पाठ, एवढंच दिसत होतं. वाटेत एक खोल नाला होता. हिवाळाभर त्याच्यावर बर्फाचा पूल असायचा, आम्ही त्यावरून ये-जा करायचो. त्या दिवशी तिथे पोचलो आणि स्लेज थांबली. एकजण म्हणाला, "पुल गया."

वळसा घालून जायचं तर अंधार पडला असता. खालची पार्टी अजून फार लांब होती. पलीकडे दोर बांधायला कोणी असतं तर स्लेज ओढून नेता आली असती. पलीकडे कोणीच नव्हतं.

नर्सिंग असिस्टंट हळू आवाजात म्हणाला, "साब, शाम तक नहीं टिकेगा." त्याला वाटलं मला ऐकू जात नाही. मला घरची आठवण आली नाही. खरं सांगतो, फक्त श्वासाचा विचार होता, हा झाला, आता पुढचा.

छेरिंग उस्ताद थोडं वर चढले, नाला पाहिला, खाली आले. "उस पार का किनारा नीचे है," ते म्हणाले. "फावड़े निकालो."

सगळ्यांना लगेच कळलं. जवानांनी काठावर बर्फ रचून, बुटांनी तुडवून उडीसाठी चढ तयार केला. उस्तादांनी हातांनी त्याची कड घासून गुळगुळीत केली. कमरेला बारीक दोरी बांधली. मनोऱ्यावरच्या लांब स्की नव्हत्या, सैन्याच्या साध्या होत्या. उतरायला तासून केलेला बर्फाचा उतार नव्हता, खडक होते.

कॅप्टन साहेब म्हणाले, "छेरिंग, तुम्हारा कैंप है."

"जी साब."

"ऑर्डर नहीं दूँगा."

"ज़रूरत नहीं साब."

वर जाण्याआधी ते माझ्यापाशी आले. माझ्या टोपीची कड डोळ्यांवरून वर सरकवली आणि म्हणाले, "इक्बाल, साँस गिनते रहना. बस."

मी उडी पाहिली नाही. मान वळत नव्हती. मी फक्त आवाज ऐकला. वरून येणाऱ्या स्कींचा आवाज, सर्रर्र, जवळ, आणखी जवळ. मग एकदम काहीच नाही. तेवढी शांतता मी आयुष्यात पुन्हा ऐकलेली नाही. मग पलीकडून धप्प असा आवाज आणि एक ओरड.

"पहुँच गया!" कोणीतरी किंचाळलं.

ते पोचले होते, पण गुडघा मोडला होता. तशा पायाने ते सरपटत खडकापर्यंत गेले. आमच्याकडून जाड दोर ओढून घेतला आणि खडकाला पक्का बांधला. त्यानंतर त्यांनी हात वर केला. माझी स्लेज नाल्यावरून लोंबकळत पलीकडे गेली. मी त्यांच्या शेजारून सरकलो तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मागून बाकीचे दोरावरून आले आणि त्यांनी उस्तादांनाही उचलून घेतलं. दुपारनंतर बऱ्याच खाली आल्यावर ढग फाटले आणि हेलिकॉप्टर उतरलं. आम्हा दोघांना एकदमच उचललं.

हॉस्पिटलमध्ये आमचे बेड शेजारी होते. डॉक्टर त्यांना सांगून गेले की चालता येईल, पण उडी विसरा. डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्याकडे कुशीवर वळलो. म्हणालो, "उस्ताद, आपका कैंप..."

"खाना आ गया क्या देख," ते म्हणाले.

त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मला कधी ते ओझंही वाटू दिलं नाही. पुढे ते ट्रेनिंग स्कूलला शिकवायला गेले. माझं लग्न झालं, त्यांनी शाल पाठवली. मुलगी झाली, फोन केला, म्हणाले, "अब दो हो गए साँस गिनने वाले." काही वर्षांनी एक गस्त हिमस्खलनात सापडली. तिला शोधायला ते दोन जवानांसह गेले आणि वरून दुसरं स्खलन आलं. गस्तीतले लोक वाचले. शोधायला गेलेले तिघे परत आले नाहीत. मी तेव्हा दुसऱ्या स्टेशनवर होतो. तो संदेशही मला सेटवरच मिळाला. मी "रॉजर" म्हणालो.

त्यांच्या पत्नीला मी ईदला आणि त्यांच्या नव्या वर्षाला, लोसरला, फोन करतो. यंदा त्यांचाच फोन आला. "भैया, डोलमा दुबई आ रही है. स्कीइंग का कैंप है." डोलमा त्यांची मुलगी. कॅम्प होता माझ्याच मॉलमधल्या उतारावर.

मी तिला लगेच ओळखलं. उभं राहण्याची ढब तीच. पण उड्यांचा खेळ नाही, ती उताराच्या शर्यतीत उतरते. "मम्मी ने हाथ जोड़े थे, अंकल," ती म्हणाली. मॉल उघडण्याआधी त्यांचा सराव चालायचा. मी कठड्याशी उभा राहायचो. लाल आणि निळ्या झेंड्यांमधून ती अशी खाली यायची की मी वॉकी-टॉकीवर बोलायचं विसरायचो.

सुट्टीच्या दिवशी तिला घरी जेवायला आणलं. माझी बायको सकीना हिने सुरमई आणि तांदळाची भाकरी केली होती. डोलमाने मासा आधी संशयाने पाहिला, नंतर दोनदा वाढून घेतला. माझी मुलगी सारा आधी सैन्याच्या आणि मग इथल्या शाळांत वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. दोघी जवळपास एका वयाच्या.

जेवणानंतर डोलमा म्हणाली, "अंकल, उस दिन क्या हुआ था? मम्मी रोती हैं, इसलिए पूरा कभी नहीं बतातीं."

मी सांगितलं. इथे लिहिलं तसंच. नाल्याच्या काठावर ते काय म्हणाले, टोपी कशी सरकवली, आवाज कसा थांबला. सकीनालाही मी हे इतकं पूर्ण कधी सांगितलं नव्हतं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, नळ बंद करून.

डोलमा रडली नाही. तिने विचारलं, "पापा को दुख था?"

"होगा ही," मी म्हणालो. "पर मैंने बाद में ट्रेनिंग स्कूल में उन्हें सिखाते देखा है. दोनों हाथ फैलाकर लड़कों को उड़ान समझाते थे और खुद ही हँसते थे. दुखी आदमी ऐसे नहीं हँसता."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "थँक यू अंकल. मुझे पापा का हँसना याद नहीं था."

मला तिचे आभार मानायचे होते. इतकी वर्षं मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. सकीनाच पुढे झाली आणि तिने त्या मुलीला जवळ घेतलं.

साराने फोन उलटा ठेवला होता. हळूच म्हणाली, "अब्बा, दॅट वॉज बिफोर यू मॅरिड अम्मी?"

"हो."

"सो इफ ही हॅडन्ट जम्प्ड..." ती उठून डोलमाच्या शेजारी जाऊन बसली.

डोलमाला आम्ही सगळ्यांनी विमानतळावर सोडलं. सकीनाने तिच्या बॅगेत खजूर इतका भरला की चेन लागेना.

दर शुक्रवारी नमाजनंतर मी दुआमध्ये माझ्या अब्बांचं नाव घेतो, अम्मीचं घेतो, मग उस्तादांचं आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या दोन शिपायांचं, गुरमीत आणि रमेश. त्यांचा धर्म वेगळा होता, पण देणाऱ्याला ते माहीत आहे. या शुक्रवारी मी घरी आलो तर सारा नमाजची ओढणी डोक्यावर घेऊन दारात उभी.

"अब्बा, व्हॉट वॉज हिज फुल नेम? उस्ताद अंकलचं."

"हवालदार छेरिंग दोरजे," मी सांगितलं.

तिने म्हणून पाहिलं, चुकलं. मी पुन्हा सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदा तिने बरोबर म्हटलं.