ह्यांनी लावलेला वूफर

मैत्रिणींनो, आज नरडाण्याला पुतणीच्या हळदीत माझा जीव टांगणीला लागला होता.

आमच्या जीपमधला टेप, ॲम्प्लिफायर आणि मोठा वूफर ह्यांनीच बसवलेला. हे गेले, पण ॲम्प्लिफायरचा, आवाजाचा जोर ठरवणारा स्क्रू ह्यांनी लावलेल्या जागीच होता. आज धाकट्या दिरांनी, सुरेशभाऊंनी, दणका वाढवायला तोच पूर्ण फिरवला.

गाण्यातला ढोल फाटल्यासारखा वाजू लागला. वूफरमधून जळका वास आला.

"भाऊ, बंद करा!"

"वहिनी, लगीन शे! वाजू द्या ना!"

मी जाऊन जीपची किल्लीच काढली. गाणं बंद पडलं.

वूफर गार होऊ दिला. मग स्क्रू शून्यावर आणला, टेपचा आवाज पाऊणपर्यंत ठेवला आणि स्क्रू हळूहळू चढवला. ढोल फाटायला लागताच किंचित मागे घेतला. ह्यांना असंच करताना मी शेजारी बसून पाहिलं होतं.

वूफर वाचला. "वहिनी, आता तर जास्तच भारी!" म्हणत सुरेशभाऊ नाचायला गेले.

मी मात्र स्क्रूकडे बघत बसले. ह्यांची जागा हीच होती का, हे आता कळणार नाही.

गेलेल्या माणसाच्या हातची अशी खूण तुमच्या घरात हलली, तेव्हा तुम्ही काय केलंत?