बोटभर चिरेचं ऑपरेशन

आईच्या जठराचा निम्म्याहून जास्त भाग कॅन्सरपायी काढावा लागला. तो निघाला कुठून, तर पोटावरची चार-पाच बारीक भोकं आणि बेंबीजवळची बोटभर चीर. धुळ्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून केलेलं ते काम इतकं सफाईदार होतं की मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण सावद्याला घरी गेल्यावर हीच सफाई तिच्या मुळावर उठली.

सुट्टी देताना डॉक्टर नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समोर बसवून बोलले होते. वरची जखम लहान असली तरी आतलं ऑपरेशन मोठंच आहे. पोट आता जेमतेम वाटीएवढं उरलंय, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. जड काही उचलायचं नाही. वजन टिकलं तरच केमो वेळेवर सुरू करता येईल, आणि आजार उलटू नये म्हणून केमो हवीच. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. सुरुवातीचे दिवस मी सावद्याला राहून आईचं खाणं सांभाळलं, मग नोकरीसाठी धुळ्याला परतले. मागे घरात ती दोघंच.

केमोसाठी तिला न्यायला गेले, तर भरदुपारी आई चुलीपुढे बसून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. ओसरीवर पंगत बसली होती, आणि ही मंडळी तिचीच तब्येत पाहायला आलेली. आजाऱ्याला भेटायला यायचं आणि जेवून जायचं, ही आमच्याकडची रीत. स्वयंपाक आजाऱ्यानंच करायचा, हे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तू काही खाल्लंस का?" मी विचारलं.

"खाईन ना. लोकायचं होऊ दे आधी."

म्हणजे दर दोन तासांचं खाणं त्याच चुलीत गेलं होतं. आमच्या घरात बाई सगळ्यांच्या मागून जेवते, त्यापुढे डॉक्टरांची काय मातब्बरी. उशिरा भुकेली बसायची, घास भराभर जायचे, मग घाम, धडधड, उलटी. त्या धास्तीनं रात्री ती जेवायचीच नाही. हे सगळं तिनं मला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं.

शेजारच्या काकू तिथंच कांदा चिरत होत्या. येणाऱ्या प्रत्येक बाईनं आईला आतल्या खोलीत नेऊन पोट पाहिलं होतं, आणि सगळ्यांचा निकाल एकच होता. काकूंनी तो मलाही ऐकवला.

"काही घाबरू नको. माह्या बहिणीचं पित्ताच्या खड्याचं असंच झालं होतं. आठ दिवसात वावरात गेली."

"काकू, त्यांचा खडा काढला. हिचं पोट काढलंय."

"वरून त काही दिसत नाही, बापा."

माझं डोकं फिरलं. आईच्या हातातलं पीठ सोडवलं, मुगाच्या खिचडीची वाटी दिली आणि पंगत उठायच्या आधीच तिला खायला बसवलं. आईनं वाटी पदराखाली झाकली. पुरुष उठेपर्यंत तिनं एक घास तोंडात घातला नाही.

"तिले कोणी कर म्हणलं नाही," नाना म्हणाले. "तेच ऐकत नाही."

खरंच होतं. कर असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ऊठ असंही कोणी म्हटलं नव्हतं.

धुळ्यात काट्यावर वजन बरंच उतरलेलं निघालं. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. उशीर चांगला नाही, पण या अंगाला ती सोसणार नाही, म्हणाले. नानांनी विचारलं, "ऑपरेशन त बारीक होतं, मंग इतका अशक्तपणा कशानं आला?" डॉक्टरांनी दर दोन तासांच्या खाण्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाहेर बाकावर मी नानांना सांगितलं की आई आता माझ्याकडेच राहील.

"मंग घरच्या सैपाकाचं कसं?"

मी जे बोलले ते दवाखान्यात बोलण्यासारखं नव्हतं. आईनं माझा हात दाबला. मग पदर सारखा करत, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "असं आडवं, मोठं चिरलं असतं ना, त बरं झालं असतं. मंग मले कोणी निजू त दिलं असतं."