ओट्याला वळसा

आमच्या मोटार मंडळात ज्यांची गाडी सर्वांत वेगवान, त्यांचा पहिला क्रमांक मात्र कधीच येत नसे. इतर चालक ज्या ठिकाणी पाय दाबून गाडी सरळ सोडीत, नेमके तेथेच हे गृहस्थ वेग कमी करीत, गाडी डावीकडे काढीत आणि गाळातून चार बोटे वर आलेल्या दगडांच्या एका चौकोनाला वळसा घालून पुन्हा मार्गाला लागत. त्या वळशात जेवढा वेळ जाई, जवळजवळ तेवढ्यानेच ते हरत. मंडळींनी म्हणूनच त्यांचे नाव ‘वळसेकर’ ठेवले. ते त्यांनी इतक्या संतोषाने स्वीकारले, की पुढे कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरीही त्यांना वळसेकरसाहेब म्हणू लागला.

तो चौकोन म्हणजे त्यांचे घर. म्हणजे घराचे जे काही उरले होते ते.

आम्हा दोघांचे गाव एकच. मोठ्या दुष्काळात नदीवर धरणाचे काम निघाले आणि गावातल्याच माणसांनी पोटासाठी त्या भिंतीची माती डोक्यावरून वाहिली. वळसेकरांच्या आईनेही वाहिली. पुढे त्याच भिंतीआड साठलेल्या पाण्यात गाव बुडाले आणि आम्ही वरच्या माळावर पत्र्यांच्या घरांत राहायला आलो. धरणाच्या पाण्यावर ऊस आला, उसावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वळसेकर शिकले आणि त्या कारखान्याच्या वाहन विभागाचे प्रमुख झाले. मी माळावरच्या शाळेत संस्कृत शिकवीत राहिलो.

पाऊस सलग हुलकावणी देऊ लागला, की धरण तळाला जाई आणि बुडालेले गाव वर येई. देवळाचे खांब, पाराचे दगड, घरांची जोती. त्या वर्षी ऊस नसल्यामुळे कारखान्याचे गाळप बंद राही, वाहन विभागातल्या माणसांच्या हाताला काम नसे, आणि समोर वाळलेला सपाट गाळ लांबवर पसरलेला असे. त्या रिकामपणातून आमचे मोटार मंडळ जन्मले. कारखान्याच्या वर्कशॉपमधली चार-सहा माणसे, अंबाजोगाईचे एक हृदयरोगाचे डॉक्टर, घाटनांदूरचे एक कापड दुकानदार आणि मांजरसुंब्याला धाबा चालविणारे एक गृहस्थ, ज्यांना सारे ‘शेठ’ म्हणत. व्यवसाय म्हणून शर्यत करणारा यांत एकही नव्हता. नियम साधे होते. गाडी बाजारात मिळते तीच छोटी, इंजिन कंपनीने दिले तसेच. आतल्या गाद्या काढाव्यात, गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडावा, पट्टा आणि शिरस्त्राण घातल्यावाचून कोणी बसू नये. एका वेळी एकच गाडी सुटायची आणि घड्याळाशी झुंजायची. ते घड्याळ माझ्या हाती दिले होते. ज्याला गाडीतले काहीच कळत नाही तो पक्षपात तरी कसा करणार, असा डॉक्टरांचा तर्क होता.

गाडी सिद्ध करणे हा शब्दप्रयोग मी वळसेकरांकडे पाहूनच करू लागलो. यज्ञाची सिद्धता करणारे पुष्कळ पाहिले, पण इतक्या निगुतीने साहित्य मांडणारा क्वचित पाहिला. गाळाची धूळ पिठाहून बारीक. ती इंजिनात गेली तर सारेच संपले. एकदा ते माझ्या दारी आले आणि म्हणाले, “गुरुजी, एखादं जुनं धोतर हाय का? धुवून धुवून इरलेलं पायजे.” मी पूजेच्या वेळी नेसण्याचे एक जीर्ण धोतर दिले. त्यांनी त्याची दुहेरी घडी करून ती इंजिनाच्या हवेच्या जाळीवर ताणून बांधली, झाकण लावले आणि जमलेल्या मंडळींना सांगितले, “आता इंजिन सोवळ्यात हाय. कुणी शिवू नगा.”

सगळे हसले. मीही हसलो. वळसेकरांचे घर बौद्धांचे, जुन्या गावात वेशीबाहेर ओढ्याकाठी होते आणि आमचे देवळामागे. त्या विनोदाला एक धार होती, ती मला लागलीही. ती त्यांनी जाणून ठेवली होती की सहज आली होती, हे मी कधी विचारले नाही. पुढे दर दुष्काळात धोतर मात्र माझेच जात राहिले.

शर्यतीच्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी ते साऱ्या मार्गावरून अनवाणी चालत. गाळाचे वरचे कवच पापडासारखे वाळलेले असते, पण ओढ्याच्या बाजूला त्याखाली लोण्यासारखा चिखल लपलेला असतो, आणि चाक तेथे गेले की रुतते. “बुटातून भुई कळत न्हाई, गुरुजी,” ते म्हणत. चालता चालता मध्येच थांबून टाच रोवीत, आणि जेथे टाच दबे तेथे लिंबाची डहाळी खोचीत. त्या डहाळ्या ते स्वतःपुरत्या ठेवीत नसत. प्रतिस्पर्ध्यांनाही त्या दिसत, आणि शेठ तर मोठ्याने सांगत, “वळसेकरांनी पाला खोचलाय तिथनं लांब ऱ्हावा रं.” अशी चढाओढ मी अन्यत्र पाहिली नाही.

त्या फेरीच्या शेवटी ते घराच्या चौकोनापाशी येत, तेथे बसत आणि आईने बांधून दिलेली भाकरी खात. दारातून आत जात, हे मी पाहिले आहे. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, कोठूनही पाय टाकला तरी चालले असते. पण ते उंबऱ्याशी चपला काढल्यासारखे थबकत आणि मगच आत शिरत.

मार्ग जुन्या पारापासून सुटून, ओढ्याच्या कडेने जाऊन परत पाराशी येत असे. त्यातला सर्वांत जवळचा रस्ता त्यांच्या घरावरून जाई. घराच्या मागच्या कोपऱ्यात दगड गाळात पूर्ण बुजलेले होते. तेवढा कोपरा साधून सगळ्यांच्या गाड्या सपाट निघून जात. वळसेकर तेवढे वळत.

पहिल्या वर्षी शेठ त्यांच्यावर चिडले होते. “कावून वळला बे? सरळ सोडायची की. जिंकलेली गाडी घालवली.”

“घर हाय तिथं.”

“घर? चार धोंडे हायेत.”

“मंग धोंड्यांवरून तुमी जावा, शेठ. तुमचे न्हाईत ते.”

डॉक्टरांनी मार्ग बदलण्याची तयारी दाखविली, तेव्हा वळसेकरांनीच ती मोडून काढली. “कुणाकुणाच्या घरावरून जायचं न्हाई, डॉक्टर? सगळं गावच हाय खाली. आपण उभं हावोत ना, ती बी कुणाची तरी चूल हाय. मार्ग सरळच राहू द्या. मला जमत न्हाई, ते माझं हाय.”

मी एकदा त्यांना म्हटले, की तुम्ही घर उजव्या हाताला ठेवून जाता, देवाला प्रदक्षिणा घालावी तसे. ते खळाळून हसले. “गुरुजी, वळण तिकडूनच पडतंय म्हणून. उजवीकडून चिखल हाय.”

तरीही जिंकण्याची इच्छा त्यांनी कधी लपविली नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये एक काळा फळा होता. त्यावर दर शर्यतीच्या विजेत्याचे नाव रंगाने लिहिले जाई. त्या फळ्यावर आपले नाव एकदा लागावे, असे त्यांना मनापासून वाटे, आणि त्याचे कारण त्यांची आई होती. तिला आम्ही सारे मायच म्हणत असू. “माय इचारती, गुरुजी. एवढा राबतोस, मंग तुझा नंबर कावून येत न्हाई? मी सांगतो, गाडी कमी पडती.” मायने धरणाच्या तळात पाऊल टाकले नव्हते. पाण्यातून निघालेले गाव बघायचे नाही, असे तिने ठरविले होते. त्यामुळे शर्यत कोठून जाते आणि मुलगा कशामुळे हरतो, हे तिला ठाऊक नव्हते.

शेवटच्या दुष्काळात वळसेकर जिना चढताना थांबू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि मंडळाच्या बैठकीत नव्हे, माझ्या ओसरीवर बसून त्यांना सांगितले, “या वर्षी मी डोळे मिटून घेतो. पुढे गाडीत बसायचे नाही. झडप फार खराब झाली आहे.” वळसेकर म्हणाले, “पुढं धरण कवा आटंल अन् कवा न्हाई. येवढ्या वर्षी एकदा नाव लागू द्या.” काय करावे लागेल ते त्यांना कळत होते, आणि ते आपल्याने होणार नाही हेही कळत होते.

शर्यतीच्या आदल्या रविवारी सारे त्यांच्या अंगणात जमलो होतो. गाडी ठोकळ्यांवर चढविलेली, वळसेकर खाली झोपून तळाचा पत्रा आवळत होते, माय भिंतीशी बसून ज्वारी पाखडत होती. शेठ थट्टेत बोलून गेले, “माय, तुमचं घर आडवं येतंय बगा. न्हाईतर तुमचा ल्योक कवाच पयला आला असता.”

सूप थांबले. “कोणतं घर?” मायने विचारले.

गाडीखालचा पान्ह्याचा आवाज बंद पडला. अखेर शेठनाच सारे सांगावे लागले. मायने ऐकून घेतले आणि पुन्हा पाखडू लागली. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, “रविवारी मी येणार.”

ती आली. इतक्या वर्षांनी धरणाच्या तळात उतरली, ओढा कोठे होता ते तिने बोटाने दाखविले, आणि कनातीच्या सावलीत माझ्या शेजारी खुर्चीवर बसली. वळसेकरांची गाडी शेवटची होती. शिरस्त्राण घालण्यापूर्वी ते तिच्या पाया पडायला आले, तेव्हा तिने त्यांचा हात धरून ठेवला.

“लेकरा, वरून जा.”

“माय, तू बस गं.”

“मी बसलेलीच हाय. त्या भिंतीची माती वाहिली मी. तवा आमाला कुणी इचारलं न्हाई, घर जाऊ द्यायचं का म्हणून. आता मी सांगायले, जाऊ दे. तुझा बाप तर बैलगाडी बी सरळच घालायचा, बांध बघायचा न्हाई.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मला एकदा बघू दे तुला.”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. “बरं,” म्हणाले.

निशाण पडले. गाडी ओढ्याच्या कडेने गेली, डहाळ्यांमधून अशी वळली की शेठही पुटपुटले, “काय हात हाय बे याचा.” डावीकडे वळण्याची जागा आली आणि मागे पडली. वेग कमी झाला नाही. इतरांसारखे ते मागच्या बुजलेल्या कोपऱ्यावरून जातील, असे सर्वांनीच धरले होते. तसे झाले नाही. गाडी समोरून, दाराच्या जागेतून, उंबऱ्यावरून आत गेली आणि पलीकडे निघाली. तळाच्या पत्र्याला दगड लागल्याचा आवाज झाला. ठक, असा एकच.

गाडी पाराशी आली. मी घड्याळ थांबविले. वळसेकर पहिले आले होते.

शेठनी टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली नेले. डॉक्टर गाडीकडे धावले, वळसेकरांची नाडी धरली, आणि मग न राहवून विचारले, “कोपरा सोडून दारातून का गेलात? इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटला असता.” वळसेकर मागे वळून बराच वेळ घराकडे पाहत राहिले. “दारातून गेलो व्हय?” ते म्हणाले. “ध्यानात न्हाई आलं.”

ते चालत मायकडे आले. धुळीने चेहरा ओळखू येत नव्हता. माय म्हणाली, “आवाज झाला का रं?”

“कसला?”

“दगडाचा.”

“न्हाई, माय. माती हाय तिथं. नुसती माती.”

तिने मान हलविली आणि पदराने त्यांचे तोंड पुसले.

फळ्यावर नाव लागले. शेठनी मायला मुद्दाम कँटीनमध्ये नेऊन ते दाखविले. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिने प्रत्येक अक्षराला हात लावून ते कोणते म्हणून विचारून घेतले. वळसेकर त्यानंतरही कँटीनमध्ये जेवायला जात, पण फळ्याकडे पाठ होईल अशी जागा धरीत. मी त्यांना त्या दिवसाविषयी बोलते करण्याचा यत्न केला नाही. धरणात पुन्हा पाणी येण्यापूर्वीच अंबाजोगाईच्या रुग्णालयात, डॉक्टर उशाशी असताना, ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वंदना झाली, भंतेजी गेले, माणसे पांगली. माय भिंतीशी बसली होती. तिने मला जवळ बसायची खूण केली. आयुष्यभर ज्या भाषेवर जगलो, ती सांत्वनाला उपयोगी पडेना. मग मायच बोलली.

“त्या दिवशी आवाज झालता, गुरुजी. त्यो न्हाई म्हणला, म्हणून मी बी गप बसले.”

मग ती दाराकडे पाहत म्हणाली,

“उंबऱ्याचा दगड आमचा पयल्यापासून ढिला. घरात कुणी आलं, की वाजायचा. मी चुलीपाशी असले तरी मला कळायचं, लेकरू आलं.”