झुराकान एजेंचे थर्मामीटर

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या डोंगरातल्या शाळेत झुराकान एजे (एजे म्हणजे आमच्याकडची ताई) एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या. प्रयोगाच्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. प्रयोग त्या करायच्या, मुलांनी हात बांधून बघायचं. दर वसंतात जिल्ह्याची माणसं ‘खुला तास’ बघायला यायची, तो तास एजेंचाच. आठवडाभर आधी घोटून घेतलेला: उत्तर येणाऱ्यानं उजवा हात वर करायचा, न येणाऱ्यानं डावा. हात मात्र सगळ्यांचे वर!

यंदा मुख्याध्यापकांनी तो तास दिला मीरिमला. वय तेवीस, आणि एजेंचीच विद्यार्थिनी.

“शिकवता कुठे येतं तिला?” एजे चहाच्या वाटीआडून म्हणाल्या. “मुलांनाच विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्यांच्या वाटण्यावर भागलं असतं, तर मी घसा कशाला फोडला?”

आणि मधल्या सुट्टीआधी याच बाई मीरिमच्या वर्गाच्या दाराला कान लावून उभ्या. आत मुलं हसली की या कान आणखी दाबायच्या. यांच्या तासाला हसणारं मूल अजून जन्मायचं होतं.

एके दिवशी मीरिम आली. “एजे, सहा थर्मामीटर द्याल? आपल्या गावात चहाचं पाणी किती अंशांवर उकळतं, ते मुलं स्वतः मोजणार आहेत. खुल्या तासाला.”

एजेंचा चेहरा असा काही उजळला! पुस्तकात लिहिलंय शंभर. आमच्या उंचीवर पाणी त्र्याण्णवालाच उकळतं, हे एजेंना पक्कं ठाऊक. म्हणून तर त्या आकडा वाचायला एकच मूल उभं करायच्या, तेही ‘शंभर’ पाठ करून आलेलं.

“सहाच कशाला? आठ ने!” पडू दे पोरगी तोंडावर.

खुल्या तासाला सहा किटल्या उकळल्या. त्र्याण्णव, त्र्याण्णव, साडेब्याण्णव...

“पुस्तकात तर शंभर आहे,” जिल्ह्याच्या बाई म्हणाल्या.

मीरिम मुलांकडे वळली. “काय झालं असेल?”

“थर्मामीटर बिघडलेत,” ऐजमाल नावाची चुणचुणीत मुलगी म्हणाली. “एजेंच्या कपाटातले ना, जुनाट!”

मागच्या बाकावर मजा बघत बसलेल्या एजे ताडकन उठल्या. “बिघडलेत? कापसात गुंडाळून सांभाळलेत मी! जा, बाहेरचा बर्फ आण. वितळायला लागला की बुडव. शून्य नाही आलं तर नाव बदलेन!”

सहाही थर्मामीटरांवर शून्य आलं.

“मग माझ्या बाबांनी तुमच्या तासाला शंभर कसं वाचलं?” ऐजमालनं विचारलं.

“मी सांगितलं तेच वाचलं तुझ्या बापानं!”

तोंडातून निघून गेलं. वर्ग खो खो हसला. एजेंच्या देखत, पहिल्यांदाच.

“मीही वाचलंय, एजे,” मीरिम हळूच म्हणाली. “समोर त्र्याण्णव दिसत होतं. तेव्हापासून मोजायचं राहिलं होतं.”

एजे मुलांवरच खेकसल्या, “माझ्याकडे काय बघता? उन्हाळ्यात वरच्या कुरणात मांस शिजायला एवढा वेळ का लागतो, ते शोधा!”

जिल्ह्याच्या अहवालात छापलं: ‘मीरिम. साहाय्य: झुराकान.’ त्या ‘साहाय्य’वर एजे महिनाभर धुमसत होत्या.

जूनमध्ये वर्ग किटली घेऊन कुरणात निघाला, तर एजे सगळ्यांच्या पुढे, छातीशी कापसात गुंडाळलेला थर्मामीटर.

“मी धरू, एजे?” मीरिमनं विचारलं.

“तू राहू दे.” वर पोचल्यावर त्यांनी तो ऐजमालच्या हातात दिला. “तू वाच. आणि मी काही सांगायला लागले, तर ऐकू नकोस.”