गफूरचाचांची फेरी

कुरुंद्यात नवीन माणूस उतरला की गफूरचाचा हातातलं काम टाकून दुकान बंद करत. गाद्या-रजया भरून देण्याचं त्यांचं दुकान स्टँडसमोरच होतं, त्यामुळे नव्याचं सामान आधी त्यांच्याच नजरेस पडे. लोक म्हणत, म्हातारा गादी खपवायला निघाला. पण दुकान बंद करून कोणी गिऱ्हाईक शोधतं का?

मी डोंगरकडा गावची. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आले होते. खोली देताना घरमालकीणबाईंनी मला भंडावून सोडलं होतं: कायम का नाही, पुढे काय, मध्येच सोडून गेलात तर? चाचांनी एकच विचारलं, "सिस्टर, चप्पल मजबूत हाय ना? चला मग."

आणि त्यांनी मला गाव दाखवलं. "ही गिरणी. दुपारून येत जा, सकाळी गर्दी ऱ्हाती." "हा कुत्रा नुसता भुंकतो, घाबरू नका." गाव संपलं तिथे थांबून म्हणाले, "आता तुमी पुढं व्हा. मी मागं." नव्या माणसाने त्यांना स्टँडवर परत न्यायचं, हा त्यांचा रिवाज. मी दोनदा चुकले. चुकीच्या गल्लीतही ते मुकाट मागे येत राहिले, अंगठा तुटलेली चप्पल फटक फटक वाजवत. छळच होता तो! स्टँड दिसलं तेव्हा कुठे बोलले, "झालं! आता तुमी गावच्या." सहा महिन्यांत 'सिस्टर'ची मी 'बेटा' झाले. चाचींच्या हातचा चहा घेतल्याशिवाय माझी ड्युटी संपत नसे.

हळद शिजवायला बाहेरच्या मजुरांची बिऱ्हाडं येत, त्यांनाही चाचा असंच फिरवत. किराणा दुकानदार एकदा म्हणाला, "चाचा, चार दिसाची माणसं ही. त्यायला काहून गाव दाखवून राहिले?"

"लेकराला ताप काय ऑर्डर पाहून येतो का?" चाचा म्हणाले. "तहान आज लागली तं पाणी आजच दाखवा लागन."

दुसऱ्या दिवशी दुपारी, केंद्राचं पुढचं दार बंद असताना, त्या मजुरांतलीच एक बाई झटके येणारं लेकरू घेऊन थेट मागच्या दाराने आत धावत आली. तिला मराठी धड येत नव्हतं. मागचं दार मात्र माहीत होतं. लेकरू वाचलं.

पुढे मी कॅनडात गेले, एका वृद्धाश्रमात काम करायला. परवाना मुदतीचा. तिथे नव्याने आलेल्यांसाठी सरकारी खर्चाने चालणारं एक केंद्र होतं: भाषेचा वर्ग, घर शोधायला मदत, गावाची ओळख. खिडकीतली बाई गोड बोलली, पण नाहीच म्हणाली. या सोयी कायम राहणाऱ्यांसाठी आहेत, तुम्ही तात्पुरत्या. बाहेर येऊन मी बर्फात उभी राहिले आणि चाचांना फोन लावला. रडले म्हणा ना.

त्यांनी ऐकून घेतलं. "मंग आपुनच करू फेरी. सांग, दळण कुठं हाय?"

"इथे पीठच विकत मिळतं, चाचा."

"कुठं? जा, पाहून ये. इतवारी मला घेऊन चल."

तेव्हापासून दर रविवारी मी फोन कानाला लावून ते गाव चालत असे. बसथांबा, शाळा, पावाचं दुकान. कुरुंद्याबाहेर फारसं न गेलेला तो माणूस तिकडून टोकायचा, "थांब. मागल्या इतवारी शाळा आधी लागली होती." आणि खरंच मी चुकलेली असे!

चाची गेल्या. मुलीने चाचांना हिंगोलीला नेलं. मी विचारलं, "चाचा, मशीद किती लांब? चहा कुठे पिता?"

"काय करायचं बेटा? आठ दिसासाठी आलोय मी. कुणाला कशाला तकलीफ?"

त्या आठ दिवसांचं वर्ष झालं. दुसऱ्याला कधी 'किती दिवस राहणार' न विचारणारा माणूस स्वतः मात्र तात्पुरता होऊन बसला. मला राग यायचा. एकदा मी हट्टच धरला, "बाहेर पडा. आज तुम्ही पुढे, मी मागे." फोनमध्ये चप्पल वाजू लागली. "ही पानटपरी... हा दवाखाना..." मग चप्पल थांबली. "बेटा, ही कोणती गल्ली हाय गं?" मला काय ठाऊक! मी हिंगोलीपासून सातासमुद्रापार होते. शेवटी मुलगी शोधत आली आणि त्यांना घरी घेऊन गेली. त्यानंतर ते बाहेर पडलेच नाहीत. चाचा वारले, तेव्हा माझा कायम राहण्याचा अर्ज अडकलेला होता. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. मी गेले नाही.

यंदा मी कायम झाले. त्याच केंद्रातली बाई आता हसत बाहेर आली आणि मला गाव दाखवायला निघाली. बसथांबा, शाळा, पावाचं दुकान. मी हो-हो करत राहिले. सगळं माझं आधीच कुणाला तरी दाखवून झालं होतं.

परतताना तिने विचारलं, "आता वाट सापडेल ना?"

"तुम्ही मागे या," मी म्हटलं, "मी पुढे होते."

ती गंमत वाटून मागे चालू लागली. तिच्या बुटांचा बर्फात आवाजच येत नव्हता. मी मुद्दाम एका चुकीच्या गल्लीत वळले. तिने लगेच हाक मारून मला थांबवलं.